गंगावन रात्री सुटायचं

ठाणे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, वीव्ह, म्हणजे बाईच्या केसांवर जोडाचे केस शिवून लावायचं काम, सुरू करू का? चिपळुणात कुणीच करत नाही, क्लासवाले तीन दिवसांत शिकवतो म्हणतात." मी नुसतं "थांब" म्हटलं आणि तू गप्प झालीस. ते माझ्या मनाला लागून राहिलं. तू दोन खुर्च्यांचं पार्लर स्वतःच्या हिमतीवर उभं केलंयस, तुला एका शब्दात गप्प करण्याचा मला काय अधिकार? म्हणून आज सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. शीक, जरूर शीक. पण बोर्डावर इतक्यात लिहू नकोस.

उसन्या केसांचं आपल्याला कधी वावडं नव्हतं. माझ्या आजीच्या फडताळात एका जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेलं गंगावन असायचं. हळदीकुंकवाला, लग्नाकार्याला निघाली की ते ती वेणीत गुंफायची आणि अंबाडा मुठीएवढा दिसायचा. रात्री घरी आली की पहिलं काम गंगावन सोडायचं, झटकायचं आणि परत गुंडाळून ठेवायचं. गंगावन रात्री सुटायचं, हे लक्षात ठेव. वीव्ह सुटत नाही. ती बाई तुझ्या खुर्चीतून उठते, घरी जाते, झोपते, न्हाते, शेतावर किंवा ऑफिसात जाते आणि सहा ते आठ आठवडे तुझी शिलाई तिच्या डोक्यावर असते. हेअरकट बिघडला तर केस वाढतात. इथे मात्र तू एका दिवसाचे पैसे घेतेस आणि दोन महिन्यांची जबाबदारी घेतेस.

हे तंत्र कुणाचं आणि कुणाच्या केसांसाठी, हेही समजून घे. क्रिस्टिना जेन्किन्स नावाच्या आफ्रिकन-अमेरिकन बाईंना 1950 च्या सुमारास विगचा जाच दिसत होता. पिना लावून बसवलेला विग सरकायचा, टोचायचा. त्यांनी जोडाचे केस बाईच्या स्वतःच्या केसांना शिवून टाकण्याची रीत बसवली आणि 1952 साली तिचं अमेरिकन पेटंट मिळवलं. त्या समाजात डोक्याला लागून बारीक वेण्या घालण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्यांचे केस घट्ट कुरळे, वेणी घातली की ती जागच्या जागी राहते. त्या वेणीवर जोडाच्या केसांची पट्टी शिवायची, असा सगळा हिशेब.

आपल्याकडचे केस बहुधा सरळ, गुळगुळीत, त्यात तेल मुरलेले. अशा केसांची बारीक वेणी दुसऱ्या दिवसापासून ओघळायला लागते. ती ओघळू नये म्हणून शिकाऊ हात काय करतो? जास्त आवळतो. सगळं नुकसान तिथून सुरू होतं.

मी स्वतः ते केलंय, आणि तुला न सांगता पुढे जाता येणार नाही. वीव्ह शिकून मला जेमतेम चार महिने झाले होते. एक नवरी आली. केस पातळ, पण नऊवारीवर लांब शेपटा हवा, अशी तिची आणि तिच्या आईची हौस. मी शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन जुड्या शिवल्या. शिवताना ती म्हणाली, "ताई, दुखतंय." मी म्हटलं, "दोन दिवसांत सैल पडेल." लग्न थाटात झालं, फोटो सुंदर आले. मग ती सासरी गेली. तिथे काढून देणारं कुणी नाही आणि विचारायचा संकोच. ती परत माझ्याकडे आली तेव्हा चार महिने होऊन गेले होते. वेण्या मुळापासून खाली उतरून लोंबत होत्या. सोडल्या तेव्हा दोन्ही कानशिलांवर कातडी चमकत होती, कडेला बारीक पुटकुळ्या. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. काही केस परत आले. डाव्या कानशिलावरचे आले नाहीत. तिने मला कधी दोष दिला नाही, त्यामुळे ते जास्तच जड जातं.

डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, म्हणजे ओढीने गेलेले केस. ओढ वेळीच थांबवली तर केस परत उगवतात. ती महिनोन्‌महिने चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण धरतो आणि मग काही उगवत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे आठ आठवड्यांत तुझी शिलाई टाळूपासून दोन सेंटिमीटर खाली आलेली असते आणि तेवढ्याच वजनाचा हिसका मुळाला जास्त बसतो. म्हणून आठ आठवड्यांपुढे नाही म्हणजे नाही. ग्राहक म्हणेल, "अजून चांगलं दिसतंय, दिवाळीपर्यंत राहू दे." राहू द्यायचं नाही.

आणि "दुखतंय" हा शब्द आला की हात थांबला पाहिजे. वेणी झाल्यावर तिला भुवया उंचावायला सांग, मान खाली घालायला सांग. कातडी ताणली जात असेल तर ती वेणी सोड, मग त्यात अर्धा तास गेला तरी चालेल. कपाळालगतचे आणि कानशिलावरचे बोटभर रुंदीचे केस कधीही वेणीत घेऊ नकोस. तिथले केस सगळ्यात नाजूक असतात आणि शिवलेली पट्टी झाकायलाही तेच लागतात.

तुझ्या गावाचा पाऊस हा वेगळा विषय आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिपळुणात सुती कपडासुद्धा वाळत नाही. वीव्हच्या खाली एकावर एक थर असतात: वेणी, दोरा, पट्टी, वर दोनशे ग्रॅम केस. न्हाल्यावर वरून कोरडं वाटतं, आत ओल तशीच राहते. मग खाज, कुबट वास, बुरशी. शहरातल्या पार्लरमध्ये डोक्यावर टोपीसारखा बसणारा ड्रायर असतो, त्याखाली पाऊणएक तास बसवून आतपर्यंत वाळवतात. तुझ्याकडे तो नाही, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तूच मला सांगतेस. शिवाय आपल्या बायका आठवड्यातून एकदा खोबरेल चोपडणार. वीव्हखाली ते तेल धुऊन निघत नाही, मळ धरतं. टेपने किंवा केराटिनच्या थेंबाने चिकटवलेले केस असतील तर तेलाने ते निसटतातच. तेल लावू नका म्हणून सांगता येतं, पण घरी सासू तेलाची वाटी घेऊन बसली की तुझी सूचना किती टिकेल, याचा विचार कर. माझं मत विचारशील तर कोकणात पावसाचे चार महिने वीव्ह घ्यायचाच नाही.

आता केसांबद्दल. तुझ्या गल्लीत "केसांवर फुगे" ओरडत येणारा माणूस तू लहानपणी पाहिला असशील. कुठे फुगे, कुठे भांडी. आपण भिंतीच्या फटीत खोचून ठेवलेलं गुंतवळ त्याला द्यायचो. ते गुंतवळ सोडवून, विंचरून बाजारात येतं. त्यात कुणाचं मूळ कुठे आणि टोक कुठे याचा पत्ता नसतो. केसावर माशासारखे बारीक खवले असतात, ते मुळाकडून टोकाकडे झुकलेले. उलटसुलट केस एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. तो लपवायला ॲसिडने खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. पाकिटात रेशमासारखे दिसतात, चार धुण्यांत सुतळी होते.

दुसरीकडे तिरुपतीसारख्या देवस्थानातले मुंडणाचे केस. तिथे कल्याणकट्ट्यावर भाविक केस अर्पण करतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करतं. हे जुडीने कापलेले असतात, मुळं एका बाजूला, टोकं एका बाजूला. बाजारात त्यांना रेमी म्हणतात. पण पाकिटावर रेमी छापायला कुणाची परवानगी लागत नाही, तेव्हा स्वतः तपास. एक जुडी विकत आण. बट चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरव, मग उलटी फिरव. उलट्या बाजूला किंचित खरखर लागली पाहिजे. दोन्हीकडे सारखंच बुळबुळीत लागलं तर शंका घे. दोन केस जाळून बघ: खऱ्या केसाला जळक्या पिसाचा वास येतो आणि बोटांत राख होते, प्लास्टिकचा असेल तर वितळून कडक मणी बनतो. मग ती जुडी साध्या शाम्पूने पाच वेळा धू, कंडिशनर न लावता, आणि विंचर. तेव्हा जे हातात येईल ते खरं. आणि केस कुठले आहेत हे ग्राहकाला सांग. कुणाला दुसऱ्याचे केस डोक्यावर चालत नाहीत, कुणाला मुंडणाचे नको वाटतात. तो तिचा प्रश्न आहे, तिला ठरवू दे.

तुझ्याकडे हे मागायला कोण येईल? मी सांगते. सगळ्यात जास्त त्या येतील ज्यांचे केस गळतायत. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके येतात, बाई घाबरते, आरशासमोर रडते. ते केस बहुतेकींचे वर्षभरात आपोआप भरून येतात, तिला धीर दे आणि परत पाठव. कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल, कुणाचा थायरॉइड असेल. कुणाला टाळूवर गोल चट्टे असतील. या सगळ्यांना आधी डॉक्टर. गळणाऱ्या केसांवर वजन टांगायचं नाही. टाळू विरळ असेल तर क्लिपचा टॉपर, म्हणजे फक्त माथा झाकणारे जोडाचे केस, किंवा चांगला विग जास्त सुखाचा, तो रात्री काढता येतो. पुरुषांचेही फोन येतील, कारण आपल्याकडे हेअर वीव्हिंग म्हणजे टक्कल झाकायचं काम असाच समज आहे. ते काम वेगळं, त्यात पडू नकोस.

मग वीव्ह कुणाला? जिचे स्वतःचे केस दाट, निरोगी, शक्यतो कुरळे आहेत आणि जिला फक्त लांबी हवी आहे तिला. वर्षाला अशा किती येतील, ते तू तुझ्या वहीवरून मोज.

काढणं हा शिकवणीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. तीन दिवसांच्या क्लासात शिवायला शिकवतात, काढायला अर्धा तास देतात. काढताना कात्री दोऱ्याऐवजी वेणीवर चालली तर मुळाजवळून बट जाते. आणखी एक. आपले रोज 50 ते 100 केस गळतात, ते नैसर्गिक आहे. वीव्हमध्ये ते गळून खाली पडत नाहीत, वेणीतच अडकून राहतात. आठ आठवड्यांचे 2,800 ते 5,600 केस एकदम हातात येतात. बाईला आधी सांगितलं नसेल तर तिला वाटतं टक्कल पडलं. म्हणून शिवायच्या आधीच हे सांग, आधीचा फोटो काढून ठेव, आणि सोडल्यावर पाणी लावण्यापूर्वी बोटांनी सगळा गुंता सोडव. ओला झाला की तो लोकर होतो.

पैशांचं एवढंच सांगते. केसांचे पैसे वेगळे आणि आगाऊ. शिलाईच्या पैशांतच काढण्याचे पैसे धर, म्हणजे पैसे वाचवायला ती घरी कात्री घेऊन बसणार नाही. शिवतानाच काढण्याची तारीख वहीत लिही, तिसऱ्या आठवड्यात फोन कर. जी परगावी जाणार आहे तिला शिवूच नकोस. हे मी का म्हणते ते तुला आता कळलं असेल.

तोपर्यंत क्लिपचे केस ठेव. नवरीला एक दिवसासाठीच शेपटा हवा असतो. क्लिप लावायच्या, वर सागरवेणी किंवा अंबाडा, गजरा माळायचा, रात्री नवऱ्याच्या घरी ती स्वतः काढून ठेवेल. चिपळुणातलं तुझं लग्नसराईचं काम एवढ्यावर छान चालेल, आणि कुठल्या केसांना काय वजन पेलतं हे तुझ्या बोटांना कळत जाईल.

क्लासचे पैसे अजून भरू नकोस. श्रावणानंतरच्या एखाद्या सोमवारी, माझं दुकान बंद असतं तेव्हा, पहिल्या गाडीने ये. तुझी डमी, म्हणजे सरावाचं केसांचं डोकं, घेऊन ये, लाल दोरा आण म्हणजे टाका कुठे पडतो ते दोघींना दिसेल. त्या दिवशी आपण शिवायचं नाही. मी आदल्या दिवशी शिवून ठेवीन, तू फक्त काढायचं. आणि जमलं तर दुपारी तुझ्या डोक्यावर दोन ओळी शिवते, दोन आठवडे ठेवून बघ. झोप कशी लागते ते मला फोन करून सांग.

तुझी,
ताई