वाचकांचे प्रश्न : घराजवळचा ऑक्टोबरफेस्ट

प्रश्न : आम्ही हॅम्बर्गमध्ये राहतो. जवळच्या रेस्टॉरंटमध्ये सप्टेंबरअखेरीस ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा उत्सव साजरा होणार आहे. सासू-सासरे सध्या आमच्याकडे आले आहेत, मात्र ते शाकाहारी आहेत व मद्य घेत नाहीत. त्यांना न्यावे का? आणि नाव ऑक्टोबरचे असताना उत्सव सप्टेंबरमध्ये का?

उत्तर : अवश्य न्यावे. १२ ऑक्टोबर १८१० रोजी दक्षिण जर्मनीतील बव्हेरियाचे युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसे यांचा विवाह झाला व त्यानिमित्त तेथील म्युनिक शहराच्या वेशीबाहेरील माळावर घोड्यांची शर्यत भरली; त्यातूनच हा उत्सव सुरू झाला. तो माळ आजही थेरेसेच्या नावाने ओळखला जातो आणि उत्सव तेथेच भरतो. पुढे थंडी टाळण्यासाठी त्याचा आरंभ सप्टेंबरमध्ये आणला गेला, नाव मात्र तसेच राहिले.

उत्सवाशी जोडलेल्या मेर्त्सन बिअरची हकिगत मला विशेष मोलाची वाटते. १५५३च्या बव्हेरियन फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास मनाई केली होती, कारण उन्हाळ्याच्या उष्णतेत ती बिघडत असे; म्हणून मार्चमध्ये थोडी कडक बिअर बनवून थंड तळघरांत साठवली जाई आणि शरद ऋतूपर्यंत पुरवली जाई. मार्चला जर्मनमध्ये मेर्त्स म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. म्युनिकच्या मंडपांत आता बहुतेक फिकट सोनेरी बिअरच मिळते, त्यामुळे एखाद्या रेस्टॉरंटने तांबूस मेर्त्सन ठेवली असेल, तर त्यांनी परंपरेचा विचार केला आहे असे मी मानेन. ‘ऑक्टोबरफेस्टबिअर’ हे नाव मात्र युरोपीय संघात म्युनिकमध्येच बनलेल्या बिअरसाठी राखीव आहे.

सासू-सासऱ्यांसाठी ब्रेत्सेल हा गाठीच्या आकाराचा खारट पाव आणि सफरचंदाच्या रसात सोडा मिसळलेले आप्फेलशोर्ले उत्तम. ओबात्स्दा हे चीजचे मिश्रण शाकाहारी वाटले, तरी त्यात अनेकदा थोडी बिअर घालतात, आणि चीज घातलेल्या श्पेत्सले या जाड, मऊ शेवयांच्या पिठात अंडे असते; दोन्हींविषयी आधी विचारून घ्यावे. पेला कशाचाही असो, पेले भिडवून ‘प्रोस्ट’ (चिअर्स) म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याचा शिष्टाचार त्यांना सांगून ठेवा, कारण लांब टेबलांवर अनोळखी माणसेही शेजारी बसतात आणि तेच या उत्सवाचे खरे सौख्य आहे. शक्यतो दुपारीच जावे, कारण संध्याकाळी वाद्यवृंदाचा आवाज वाढतो. बाकांना बहुधा पाठ नसते, म्हणून टेबल राखून ठेवतानाच दोन खुर्च्या मागून घ्या.