रोज डबा घेऊन निघतो, पण ऑफिसच नाहीये

प्रश्न: ताई, वय ४४, भांडुपला राहतो. ११ वर्षं एका कंपनीत अकाऊंट्सला होतो, दोन महिन्यांपूर्वी अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. बायकोला माहितीये, आईला सांगितलं नाही, म्हणून रोज डबा घेऊन निघतो नि दादरला प्लॅटफॉर्मवर बसून राहतो. इंटरव्ह्यूत तोंडातून शब्दच फुटत नाही, काय करू?

उत्तर: दादा, तुमचा तो डबा डोळ्यांसमोरून हलेना. आधी आईला सांगा, आजच. रोजच्या त्या लपवाछपवीतच तुमची निम्मी ताकद जातेय, मग इंटरव्ह्यूला उरणार काय, आणि खरं सांगू, आयांना बहुतेक वेळा कळलेलं असतंच.

ग्रॅच्युइटी मिळाली का? पाच वर्षांच्या वर नोकरी झालीये म्हणजे तो तुमचा हक्क आहे, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, बेसिक आणि डीए म्हणजे महागाई भत्ता धरून, आणि कंपनीने ३० दिवसांत द्यायचा असतो. मिळाली नसेल तर लेखी मागा, मागताना आवाज थरथरला तरी चालेल.

आणि हो, इंटरव्ह्यूत "मला काढलं" म्हणू नका, "डिपार्टमेंट बंद झालं" म्हणा, खरं तेच आहे ना! रात्री जेवण झालं की बायकोला समोर बसवून हे वाक्य मोठ्याने बोला, पहिल्या दिवशी घसा दाटून येईल, येऊ द्या. सोसायटीचे मेंटेनन्सचे हिशेब कोण बघतं विचारा, मदतीला बसा, आकडे जुळले की हात परत ओळखीचे वाटतात.

झोपच लागत नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आईशी काय बोलणं झालं ते मला नक्की कळवा.