गुण आला की चांगला दिवस आला?

ताई, आईला अल्झायमर आहे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, तरी विसरणं वाढतंय. धाकट्या भावाने ब्राह्मी आणि गिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूल आणून सुरूही केल्या. आता म्हणतो, दोन महिने गोळ्या बंद ठेवून फक्त हेच देऊन बघू. परवा तिने त्याला नावाने हाक मारली, तर म्हणे गुण आला! मी नको म्हटलं की घरात मीच वाईट. काय करू?
– एक मुलगी

गोळ्या बंद करायच्या नाहीत. एवढं भावाला आजच सांगा, बाकीचं सावकाश बोला. डोनेपेझिलसारखी अल्झायमरची गोळी अचानक सोडली तर काहींची तब्येत झपाट्याने ढासळते, आणि मग पुन्हा सुरू करूनही गेलेलं सगळं भरून येईलच असं नाही.

आईने हाक मारली याचा आनंद जरूर माना. पण या आजारात सगळे दिवस सारखे नसतात. रात्री झोप लागली, पोट साफ झालं, की माणूस सकाळी अगदी ताळ्यावर असतो. असा दिवस उजाडला की श्रेय कॅप्सूलला, वाईट उजाडला की ‘अजून अंगी लागलं नाही’. या परीक्षेत औषध नापास होणार तरी कसं? म्हणून खऱ्या चाचणीत काही जणांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी देतात. कुणाला काय मिळालं हे घरच्यांनाही कळत नाही आणि तपासणाऱ्यालाही. गिंकोची अशी चाचणी अमेरिकेत झाली. पंचाहत्तरीपुढचे ३,०६९ लोक, साधारण सहा वर्षं. निकाल २००८ मध्ये आला: स्मृतिभ्रंश टाळण्यात गिंको आणि नकली गोळी सारख्याच. ब्राह्मीच्या चाचण्या छोट्या, त्यातही बऱ्याचशा निरोगी माणसांवर.

झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही हं. गॅलंटामाइन हे अल्झायमरचं औषध स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातल्या झाडांतच सापडलं. पण तेही चाचण्यांतून तावूनसुलाखून आलं, आणि आजार थांबवत नाहीच, थोडा आधार देतं.

डॉक्टरांना विचारेपर्यंत कॅप्सूल थांबवा. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर गिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तेही विचारा.

भाऊ काही वाईट नाही, त्याला हातावर हात ठेवून बसवत नाही इतकंच. तेव्हा बाटली घेऊन डॉक्टरांकडे त्यालाच जाऊ दे. तुमचं ‘नको’ त्याला टोचतं, त्यांचं कदाचित पटेल.