महाविद्यालयांत ॲथलेटिक्सच्या महिला प्रशिक्षक इतक्या कमी का? त्या अर्जच करत नाहीत, की त्यांना घेतले जात नाही?

तुम्ही विचारलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांचा क्रम उलटा आहे. आधी घेतले जात नाही, आणि ते पाहून पुढच्या मुली अर्ज करायच्या थांबतात. तुम्ही हेप्टॅथलॉन, म्हणजे सात प्रकारांची स्पर्धा, खेळलेल्या आहात, बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी करत आहात, आणि मुंबईतल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत हातात स्टॉपवॉच घेऊन उभे असलेले जवळजवळ सगळे पुरुषच का दिसतात, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः शंभर मीटर हर्डल्स धावलेली आणि नंतर इथल्या महाविद्यालयांत मानधनावर, प्रसंगी मानधनाशिवायही, मुलामुलींना शिकवलेली बाई आहे. त्यामुळे या प्रश्नाला तटस्थपणे उत्तर देणे मला जमणार नाही.

महाविद्यालयात खेळाच्या बाजूने शिरायचे दोन रस्ते आहेत. पहिला शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदाचा. त्याला एम.पी.एड., नेट किंवा सेट आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतली शारीरिक क्षमता चाचणी लागते. (ही चाचणी तिशीपर्यंतच्या पुरुषाला बारा मिनिटांत १८०० मीटर आणि स्त्रीला आठ मिनिटांत १००० मीटर एवढीच आहे. सहा प्रकार संपवून वर ८०० मीटर धावणाऱ्या मुलीला हा निकष अपमान वाटावा इतका सैल आहे, पण तो वेगळा विषय.) हे पद एका महाविद्यालयात बहुधा एकच असते. राज्याच्या सेवांत महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, पण पदच एक असेल तर त्यातले ३० टक्के काढायचे कसे? शिवाय पद रिकामे झाले की ते भरायची परवानगी येईपर्यंत वर्षे जातात, आणि तोवर तासिका तत्त्वावर कोणाला तरी घेऊन किंवा दुसऱ्याच विषयाच्या प्राध्यापकाकडे कार्यभार सोपवून वेळ मारून नेली जाते.

दुसरा रस्ता हंगामापुरत्या, मानधनावरच्या प्रशिक्षकाचा, आणि खरे प्रशिक्षण तोच करतो. त्याची जाहिरात क्वचितच निघते. जिमखाना समितीतले कोणीतरी ओळखीच्या माणसाला विचारते, ‘यंदा आमची पोरे बघशील का?’ आणि नेमणूक झालेली असते. ही ओळख होते कुठे? सकाळी शिवाजी पार्कवर, कांदिवलीच्या साईमध्ये (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात), प्रियदर्शनी पार्कच्या ट्रॅकवर आणि स्पर्धा संपल्यावर पंचांच्या चहाच्या टेबलाशी. रेल्वेत, पोलिसांत किंवा बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून लागलेला पुरुष कामावरून सुटला की मैदानावर जातो. त्याच कोट्यातून लागलेली बाई लोकल पकडून घरी जाते, कारण तिच्यामागे स्वयंपाक असतो. मग नाव सुचवायची वेळ आली की तिचे नाव कोणाच्या डोक्यात येतच नाही. यात कोणी ठरवून दुष्टावा करत नाही, आणि म्हणूनच त्याला कोणी भेदभावही म्हणत नाही.

माझ्या बाबतीत जे झाले ते मात्र जाहिरात निघूनही झाले. मध्य रेल्वेच्या बाजूच्या एका महाविद्यालयाला ॲथलेटिक्ससाठी हंगामी प्रशिक्षक हवा होता. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसे आता बदलली आहेत. माझ्याकडे पतियाळ्याचा एन.आय.एस. हा प्रशिक्षकांचा डिप्लोमा होता, विद्यापीठाचे पदक होते, आणि शाळेच्या मुलींना मी आधीपासून शिकवत होते. माझ्याबरोबर मुलाखतीला आलेला उमेदवार मला शिक्षणात कनिष्ठ, गोळाफेकीचा, आणि स्वभावाने अगदी सज्जन. आत प्राचार्य, व्यवस्थापनाचे एक सदस्य आणि जिमखाना समितीचे अध्यक्ष बसले होते. मला विचारलेले प्रश्न अजून पाठ आहेत. डोंबिवलीहून सकाळी सहाला मैदानावर कशा पोहोचणार? मूल केवढे आहे, ते कोणाजवळ ठेवता? मिस्टरांची हरकत नाही ना? आणि शेवटी, ‘मुलगे तुमचे ऐकतील का?’ सरावाच्या आराखड्याबद्दल एक अक्षर नाही. पूर्ण हंगामाचा आराखडा मी वहीत आखून नेला होता. ती वही टेबलावर तशीच मिटलेली राहिली, आणि बोलता बोलता कोणीतरी तिच्यावर चहाचा कप ठेवला. त्या उमेदवाराला विचारले गेले, ‘रिलेला पहिला कोण धावेल?’ आणि ‘कधीपासून येता?’ बाहेर आल्यावर त्यानेच मला हे निरागसपणे सांगितले, कारण मलाही तेच विचारले असेल अशी त्याची समजूत होती.

निर्णय असा झाला की तो प्रशिक्षक आणि मी ‘लेडीज इन्चार्ज’. मुलींबरोबर स्पर्धेला जायचे, त्यांची ओळखपत्रे सांभाळायची, बाहेरगावी मुक्काम असेल तर खोलीची कडी आतून लागली की नाही ते बघायचे. मला मैदान हवे होते, म्हणून मी ते काम घेतले.

मैदानावर अशी वाटणी फार दिवस टिकत नाही. महाविद्यालयाकडे हर्डल्स पाचच, त्यांतल्या दोनांचे पाय गंजलेले. ११० मीटरला एक उंचापुरा मुलगा होता. तो तिसऱ्या हर्डलपर्यंत तीन पावलांत जायचा आणि तिथून पुढे चौथे पाऊल टाकायचा, त्यामुळे दर हर्डलला त्याचा पुढचा पाय बदलायचा आणि मागच्या पायाचा गुडघा फळीवर आपटायचा. गोळाफेकीच्या सरांनी त्याला ‘जोर लाव’ एवढेच सांगितले होते, आणि त्यांच्या प्रकारात ते बरोबरही असेल. मी फळी साडेतीन फुटांवरून तीन फुटांवर आणली, दोन हर्डल्समधले ९.१४ मीटरचे अंतर दीड फुटाने कमी केले, तीन पावले जिथे पडायला हवीत तिथे फक्कीच्या खुणा केल्या आणि त्याला सांगितले की वेगाचे सोड, फळी ओलांडल्यावर पुढचा पाय लवकर जमिनीवर आण. दिवाळीनंतर अंतर आणि उंची पूर्ववत केली, तेव्हा त्याची तीन पावले पाचव्या हर्डलपर्यंत टिकली. मुलगे ऐकतील का, याचे उत्तर प्राचार्यांना कोणत्याही सकाळी खिडकीतून पाहता आले असते. त्या वर्षी त्याला पदक मिळाले आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छायाचित्राखाली प्रशिक्षक म्हणून गोळाफेकीच्या सरांचे नाव छापले गेले. त्यांनी स्वतः जाऊन हरकत घेतली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. ‘पुढच्या अंकात पाहू’ असे उत्तर त्यांना मिळाले.

छायाचित्राचे मी सोडून दिले. अनुभव प्रमाणपत्राचे सोडता आलेले नाही. त्यावर ‘महिला संघव्यवस्थापक म्हणून काम पाहिले’ असा शेरा होता, आणि तिथे होते तितकी वर्षे दरवर्षी तोच शेरा मिळत राहिला. पुढे दुसऱ्या एका महाविद्यालयात चांगल्या मानधनाच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा छाननी समितीने ‘प्रशिक्षणाचा अनुभव’ या रकान्यात शून्य लिहिले. कागदावर पाहता त्यांचे चुकलेही नव्हते. आता सांगा, माझ्यासारखीने त्यानंतर अर्ज करणे थांबवले, तर तिची गणना ‘बायका अर्जच करत नाहीत’ यात करायची की नाही?

आमच्या पिढीतले एक ज्येष्ठ सर आहेत. त्यांच्याशी माझा यावरून जुना वाद आहे, आणि तुमच्या निमित्ताने तो पुन्हा उकरून काढते. त्यांचे म्हणणे असे की मुलींना बाहेरगावी न्यायला बाई लागते, पण शिकवायला सरच लागतात. जी स्वतः मुलग्यांच्या साडेतीन फुटांच्या हर्डलवरून कधी गेली नाही ती मुलग्यांना काय शिकवणार? या न्यायाने ओ. एम. नंबियार यांनी पी. टी. उषाला शिकवायलाच नको होते, कारण तेही महिलांची ४०० मीटर हर्डल्स कधी धावले नव्हते. तरी १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांची शिष्या ५५.४२ सेकंदांत आली, पदक एक शतांश सेकंदाने हुकले, आणि पुढच्या वर्षी नंबियारांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तो त्यांना मिळायलाच हवा होता. अंजू बॉबी जॉर्जला २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीत कांस्य मिळाले, तेव्हा तिचे प्रशिक्षक तिचे पतीच होते. पुरुषाने स्त्रीला घडवले की आपण त्याच्या पारखी नजरेचे कौतुक करतो, मग स्त्रीने पुरुषाला घडवायची वेळ आली की तिच्या उंचीची मापे का काढतो, याचे उत्तर सरांनी अजून दिलेले नाही. उषाने स्वतः धावपटू टिंटू लुकाला घडवले, हे सांगितले की ते म्हणतात, ‘ती उषा आहे.’ म्हणजे बाईने शिकवायचे तर आधी उषा व्हायचे, आणि पुरुषाने शिकवायचे तर संध्याकाळी मोकळे असायचे.

सरांचा दुसरा हुकमी मुद्दा अमेरिकेचा. तिथे समान संधी आहे, तिथेही ॲथलेटिक्सला पुरुषच प्रशिक्षक आहेत, म्हणजे हा निवडीचा नाही, आवडीचा प्रश्न आहे, असे ते म्हणतात. अमेरिकेचा इतिहास नेमका उलटे सांगतो. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन हा कायदा आला तेव्हा तिथल्या महाविद्यालयांत महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. कायद्यामुळे महिलांच्या खेळात पैसा आला, पगार वाढले, ती नोकरी पुरुषांना घेण्याजोगी वाटू लागली, आणि आज ते प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. मिनेसोटा विद्यापीठाचे टकर सेंटर महिला प्रशिक्षकांच्या प्रमाणाची दरवर्षी खेळवार गुणपत्रिका काढते, आणि तीत ट्रॅक अँड फील्ड तळाच्या खेळांत असतो. एक कारण असे की अनेक विद्यापीठांनी पुरुष आणि महिला संघ एकत्र करून वर एकच मुख्य प्रशिक्षक बसवला, आणि एक खुर्ची उरली की ती कोणाला जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे ती खुर्ची पहिल्यापासून एकच होती. तरीही कॅरिल स्मिथ गिल्बर्ट २०२१ पासून जॉर्जिया विद्यापीठाच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांच्या प्रमुख आहेत. तिथले मुलगे ऐकतात असे दिसते. आणि हे दुखणे फक्त महाविद्यालयांचे नाही: टोकियो ऑलिंपिकमध्ये सगळ्या देशांच्या मिळून प्रशिक्षकांत स्त्रिया १३ टक्के होत्या.

२०२२ मध्ये एका महिला सायकलपटूने परदेशातल्या शिबिरात प्रशिक्षकाविरुद्ध केलेल्या तक्रारीनंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक असणे बंधनकारक केले. निर्णय योग्यच आहे आणि फार उशिरा झाला. पण मला त्यात धोकाही दिसतो, कारण महाविद्यालये याच धर्तीवर एखादी बाई सोबतीला घेतील, कागदावर तिला प्रशिक्षक म्हणतील आणि घड्याळ सरांच्याच हातात ठेवतील. आमचे ज्येष्ठ सर तर आताच म्हणू लागले आहेत की बायकांना नियमामुळे नोकऱ्या मिळतात. मुलींची सुरक्षितता ही पुरुष प्रशिक्षकाचीही जबाबदारी आहे, आणि ती बाईवर टाकून तिचे शिकवणे काढून घेणे ही पळवाट आहे.

तुम्ही काय करावे? बी.पी.एड.वर थांबू नका, पतियाळ्याचा डिप्लोमा कराच. नेमणूकपत्रावर ‘ॲथलेटिक्स प्रशिक्षक’ असे लिहून घेतल्याशिवाय हंगाम सुरू करू नका, आणि विद्यापीठाच्या प्रवेशिकेवर प्रशिक्षकाच्या रकान्यात तुमचे नाव आहे का ते पाठवण्याआधी स्वतः वाचा. तुम्ही सातही प्रकार खेळलेल्या आहात. एकच प्रशिक्षक परवडणाऱ्या महाविद्यालयाला धावणे, उडी आणि फेक या तिन्हींची समज असलेली व्यक्ती गोळाफेकीच्या माणसापेक्षा जास्त उपयोगाची आहे, हे मुलाखतीत त्यांनी विचारले नाही तरी सांगा. पंच परीक्षा द्या, कारण चहाच्या त्या टेबलाशी बसल्याशिवाय नाव सुचत नाही.

हे सगळे लिहिल्यावर काही गोष्टी नमूद करायला हव्यात. मला हर्डल्स शिकवणारे सरच होते, आणि त्यांनी मुलगी म्हणून मला कधी कमी वजन उचलायला लावले नाही. मानधन पुरुषांनाही तुटपुंजेच मिळते, ते वेळेवर मिळत नाही, आणि केवळ हौसेपोटी पदरचे पैसे घालून मुलांना स्पाइक्स घेऊन देणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. अर्ज खरोखर कमी येतात, हेही मी निवड समितीच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहिले आहे; कपडे बदलायला आडोसा नसलेल्या मैदानावर पहाटे येण्यासाठी एवढ्याशा पैशांत कोणती लेकुरवाळी बाई विरारहून निघेल? आणि सगळीच महाविद्यालये तशी नसतात. ज्या दुसऱ्या महाविद्यालयाने मला शून्य दिले, तिथल्याच प्राचार्यांनी नंतर माझी जुनी वही मागवून घेतली, तासभर वाचली आणि पुढच्या हंगामाला बोलावले. गोळाफेकीचे सर आता माझ्याकडे त्यांची हर्डल्सची मुले पाठवतात, आणि प्रवेशिकेवर माझे नाव स्वतःच्या हाताने लिहितात.