'बॅनिश्ड'मधलं गाव ओस का पडतं

मुंबई

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे स्क्रीनशॉट पाहिले. कोठारात धान्य आहे, सरपण आहे, रोगराई नाही, तरी गावात ८० माणसांची ३० कशी झाली, असं विचारलं आहेस. गाव वसवण्याच्या या संगणकीय खेळात बहुतेकांचं पहिलं गाव असंच ओस पडतं. त्याचं कारण त्या वर्षात शोधून सापडत नाही, ते दहा-बारा वर्षं आधीच घडून गेलेलं असतं.

'बॅनिश्ड' २०१४ साली ल्यूक होडोरोविच या एकट्या माणसाने तयार केला. त्यात शत्रू नाही, सैन्य नाही, पैसाही नाही. भांडवल काय ते माणसं. खेळातलं एक वर्ष सरलं की माणसाचं वय साधारण पाच वर्षांनी वाढतं. मूल दहाव्या वर्षी कामाला लागतं, शाळेत गेलं तर सोळा-सतराव्या. तरुण जोडप्याला रिकामं घर मिळालं तरच वेगळं बिऱ्हाड होतं आणि पाळणा हलतो. घर नसेल तर दोघंही आपापल्या आईबापाकडेच राहतात आणि वय निघून जातं. (मुंबईत वाढलेल्याला हे अधिक समजावायला नको.)

तुझ्या पहिल्या चित्रात एका रांगेत १२ नवी घरं दिसतात. त्यानंतर बरीच वर्षं एकही नाही. ती १२ जोडपी एकदमच राहायला आली, त्यांना मुलंही एकदमच झाली आणि म्हातारीही एकदमच झाली. घरं रिकामी झाली तेव्हा त्यांची मुलं मूल होण्याच्या वयापलीकडे गेली होती. मग शेतावर माणूस नाही, लाकूडतोड्याकडे माणूस नाही, आणि गाव उतरणीला लागतं. एकदा लागलं की थांबवणं फार कठीण.

म्हणून वर्षाला एक किंवा दोन घरं, पण न चुकता. लाकडी घराला १६ ओंडके आणि ८ दगड लागतात, एवढं बाजूला काढता येतंच. उलट बाजूही ध्यानात ठेव: प्रत्येक घर आपलं सरपण वेगळं जाळतं, धान्य वेगळं साठवतं. घाईने जास्त घरं उभी केलीस तर पाच माणसांच्या घरात दोनच राहतील आणि सरपण मात्र पाचजणांचं जाईल.

अन्नाचा हिशेब सोपा आहे. एक माणूस वर्षाला साधारण १०० नग अन्न खातो. ४० माणसांना ४०००, आणि तेवढंच शिल्लक हवं. सुरुवातीला शेतीच्या मागे लागू नकोस. दाट जंगलात गॅदरर हट (रानातलं अन्न गोळा करणाऱ्यांची झोपडी), शेजारी शिकाऱ्याची झोपडी, फॉरेस्टर लॉज (झाडं लावणाऱ्या-तोडणाऱ्यांचं ठाणं) आणि एक कोठार असा गट बसव. बेरी, मशरूम, कांदे, कंद बियाणं न लावता मिळतात, पण जुन्या झाडांखालीच भरपूर येतात. त्यामुळे फॉरेस्टरला 'कट' बंद करून फक्त 'प्लांट' ठेव आणि त्यांच्या कामाच्या वर्तुळात घरं-रस्ते घुसवू नकोस. इमारतीला ओंडके हवेत म्हणून तू नेमकं तेच जंगल साफ केलंस. गॅदररचं उत्पन्न पडलं ते त्यामुळे. ओंडक्यांसाठी दुसरा फॉरेस्टर लांब टाक.

राहायची घरं मात्र या कामांच्या जवळ हवीत. माणूस जेवायला आणि थंडीत ऊब घ्यायला घरी जातो. वाट लांब असेल तर निम्मा दिवस चालण्यात जातो. यादीत चार कामगार दिसतात, काम दोघांचंच होतं.

शेत १५×१५ पर्यंत काढता येतं, पण काढू नकोस. १०×१० च्या आसपासचं शेत दोन माणसांत आटोपतं. मोठ्या शेतात अर्धं पीक उभं असतानाच थंडी पडते आणि ते मरतं. गारठा जवळ आला की शेतावर क्लिक करून 'हार्वेस्ट' दाब, हाती लागेल तेवढं घे.

सरपणाची एक खोच आहे. प्रत्येक मालाला 'लिमिट' असते. साठा तिथे पोहोचला की कामगार थांबतात, आणि ही लिमिट गाव वाढलं म्हणून आपोआप वाढत नाही. २० माणसांसाठी ठरवलेली लिमिट ६० माणसांनाही तशीच राहते. अवजारांचंही तेच: अवजारं संपली की सगळ्यांचंच उत्पन्न घसरतं आणि बघणाऱ्याला दोष शेतीत दिसतो. लोहार लवकर बसव.

शाळेत एक शिक्षक, २० मुलं. शिकलेला लाकूडतोड्या एका ओंडक्यातून ३ ऐवजी ४ सरपण काढतो. ट्रेडिंग पोस्टवर, म्हणजे मालाची अदलाबदल होते त्या धक्क्यावर, ओंडक्याचं मोल २ धरतात, सरपणाच्या एका नगाचं ४. म्हणजे शिकलेल्या माणसाच्या हातून एक ओंडका १६ ला जातो. बोटीतून येणाऱ्या व्यापाऱ्याकडून बियाणं आणि जनावरं घ्यायला यापेक्षा स्वस्त रस्ता नाही. शाळा सुरू केल्यावर काही काळ नवे हात कामाला येत नाहीत, तेव्हा कोठार आधी भरून घे.

खाण आणि दगडखाण पुन्हा बुजवता येत नाही. गावाच्या मधोमध काढू नकोस, बस.

टाउन हॉल झाला की भटके लोक दारात येतील. माणसं कमी पडलीत म्हणून मोह होईल. ते अशिक्षित असतात, कधी रोगही घेऊन येतात, आणि पहिल्या दिवसापासून जेवतात. वैद्याची सोय आणि वर्षभराचं जादा अन्न नसेल तर नकार दे.

रात्री लोकलमधून उतरून घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास खेळतोस, ते ठीक. पण जेवायला उठताना खेळ १० पट वेगावर सोडून जातोस, ते बंद कर. ताटावरून परत येईपर्यंत तिथे दोन हिवाळे होतात.

नवं गाव मध्यम सुरुवातीवर काढ. सगळ्यात अवघड सुरुवातीत बियाणं हातात नसतं. दहाव्या वर्षी पुन्हा चित्र पाठव, आणि त्यात प्रौढ, विद्यार्थी, मुलं हे तिन्ही आकडे दिसू देत. घरांपेक्षा मला ते आधी बघायचे आहेत.

तुझा,
काका