टर्नरचा सल्ला : बार बदलला, गिअर तोच

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर लूमचे शाफ्ट टर्न करतो (फिरत्या बारवर टूल धरून कातणं). २० मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) बारला ४७५ आरपीएमवर (मिनिटाला फेरे) काम छान होतं. परवा त्याच गिअरवर ५० मिमीचा बार लावला, तर एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलचं टोकच जळालं. काका, चुकलं कुठे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बाळा, आरपीएम तेच राहिले तरी कटिंग स्पीड तेच राहत नाही. टूलसमोरून मिनिटाला किती मीटर धातू सरकतो, ते बघायचं. २० मिमीला तो ३० मीटर होता, ५० मिमीला तोच जवळपास ७५ झाला. एमएसवर एचएसएस टूलला २५ ते ३० पुष्कळ.

हिशेब सोपा आहे. कटिंग स्पीडच्या मीटरला ३१८ने गुणायचं आणि मिमीतल्या व्यासाने भागायचं. ३० गुणिले ३१८ भागिले ५०, म्हणजे १९० आरपीएम. तेवढा गिअर नसेल तर खालचा घे, वरचा नको. कार्बाइड टिप (टूलचं जास्त कठीण टोक) असेल तर १०० मीटरही चालतात, पण मशीन थरथरायला नको.

चिपकडे, म्हणजे कातून निघणाऱ्या धातूच्या सालीकडे, बघत जा. मी अजूनही आधी तिचा रंग बघतो, मग मायक्रोमीटर हातात घेतो. एचएसएसवर चिप चांदीसारखी किंवा फिकट पिवळी निघाली तर ठीक. निळी दिसली की लगेच स्पीड उतरव आणि कूलंटची धार नेमकी टोकावर पडते का ते बघ.

जळालेलं टोक नुसतं घासून वापरू नकोस. निळा भाग पूर्ण जाईपर्यंत ग्राइंड कर.