"मॅडम, पोराची बुद्धी ७९ आलीय"

रिपोर्टचं पाकीट ताईंनी पिशवीत सगळ्यात खाली, डाळीच्या पुडीखाली ठेवलं होतं. बसमध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर दिसायला नको म्हणून. ते टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मॅडम, शाळेनं बुद्धीची टेस्ट करून आणायला लावली. ७९ आलीय. माझं पोर मंद आहे का?"

आकडा बदलतो, पण हा प्रश्न घेऊन आईवडील माझ्याकडे सारखे येतात. म्हणून ताईंच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून ही हकिकत लिहिते आहे.

ओंकार दहा वर्षांचा, पाचवीत. तिसरीपर्यंत बार्शीकडच्या जिल्हा परिषद शाळेत होता. वडिलांना चिंचवडला काम मिळालं आणि चौथीपासून इंग्रजी माध्यम. रिपोर्ट दीड पानाचा. आकडा ठळक, खाली 'सीमारेषेवरील बुद्धिमत्ता' आणि शेवटी दुसरी शाळा बघावी असा सल्ला. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मूल त्या दिवशी कसं होतं, याबद्दल अवाक्षर नाही. मग मी ओंकारलाच विचारलं. खिडकीच्या गजावर बोट फिरवत तो म्हणाला, "इंग्लिशमधून विचारत होत्या. मी म्हटलं मराठीत सांगू का, तर नको म्हणाल्या. मग मी गप्पच बसलो."

गप्प बसलेल्या प्रश्नाला गुण मिळत नाहीत. त्या ७९ मध्ये बुद्धी किती आणि इंग्रजी किती, हे आता कुणालाच वेगळं काढता येणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं, कारण ही चूक टाळणं अजिबात अवघड नव्हतं. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना जादा मदत मिळावी म्हणून. मुलाची बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, ही समजूत बिने यांना मुळीच मान्य नव्हती. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, 'बिने-कामत' म्हणून ती आजही वापरात आहे. म्हणजे नव्वदएक वर्षांपूर्वी आपल्याकडे कुणीतरी मुलाच्या भाषेचा विचार केला होता. आणि आज चिंचवडमध्ये एका पोराला मराठीत बोलू दिलं नाही.

ताईंना मी कागदावर एक रेघ काढून दाखवली. मधोमध १००, हा त्या वयाच्या मुलांचा सरासरी अंक. बहुतेक मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. चाचणी नीट घेतली तरी आकडा पाच-सहा गुणांनी इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये एकाच आकड्याऐवजी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पट्टा दिलेला असतो. आणि जुन्या चाचणीचे निकष जुन्या पिढीतल्या मुलांवर बेतलेले असतात, त्यामुळे तोच मुलगा दोन चाचण्यांवर दोन वेगळे आकडे आणू शकतो. ताई रेघेकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी मोबाईलवर तसले प्रश्न शोधलेत. घरी सराव करून घेऊ?"

अजिबात नको, म्हटलं. सरावानं आकडा वाढतो, मुलाची अडचण आहे तिथंच राहते. उलट ती झाकली जाते.

आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितलं, दोन्ही ठीक निघाले. माझ्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी वेगळी चाचणी निवडली, कारण तीच पुन्हा लगेच घेतली तर आठवणीचा फायदा होतो. दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी, मराठीतून, मध्ये खाऊची सुट्टी. ठोकळ्यांची नक्षी लावताना वेळ संपल्याचं त्यांनी सांगितलं, तरी ओंकारनं हात थांबवला नाही. अर्ध्या मिनिटात नक्षी बरोबर लागली. त्याचे गुण मिळाले नाहीत, पण त्यांनी ते वहीत टिपून ठेवलं. माझ्या लेखी ती नोंद आकड्याइतकीच मोलाची होती.

एकूण अंक ९४ आला. ताईंना रडू कोसळलं. पण गोष्ट इथं संपली असं मला म्हणता आलं नाही. वाचनाच्या तपासणीत 'पावसाळा' त्यानं 'पासवाला' वाचलं, पुढच्या ओळीत पहिलं अक्षर बघून अंदाजानंच शब्द ठोकला. मराठीचं वाचनही दुसरीच्या पातळीवर होतं. म्हणजे अडचण नुसती माध्यमाची नव्हती, वाचनाची अध्ययन अक्षमता होती, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचायला जड जाणं. चाचण्या सरसकट मोडीत काढा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते: ही तपासणी झाली नसती तर ओंकार आयुष्यभर 'आळशी' ठरला असता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात.

शाळेचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम १३ तर प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणीच घेऊ देत नाही. ओंकारचे वडील हे ऐकून तावातावानं उठले होते. मी म्हटलं, दादा, बसा. भांडण करता येईल, पण आधी वर्गशिक्षिकेला दोन्ही रिपोर्ट घेऊन भेटू. त्या बाई समंजस निघाल्या. आता त्या सहामाही-वार्षिकचा पेपर त्याला वाचून दाखवतात, उत्तरं तो स्वतः लिहितो.

शनिवारी तो माझ्याकडच्या विशेष शिक्षिकेकडे वाचायला येतो. अजून अडखळतो. वडील दर महिन्याला विचारतात, "आता आकडा किती झाला असेल?" निदान दोन वर्षं आकडा काढायचा नाही, असं आमचं ठरलं आहे. परवा ओंकारनं ठोकळे मागितले. ते चाचणीचे, देता येत नाहीत म्हटलं. दुसरे लाकडी ठोकळे काढून दिले, तर म्हणाला, "चालतील. पण घड्याळ लावू नका."

मी मनगटावरचं घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं.